दुबईच्या व्हिडिओ गेमची चाचणी

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात दुकानदाराचं, जाहिरातीचं, शेजाऱ्याचं आणि माझ्या बहिणीचं एकही म्हणणं तपासल्याशिवाय मान्य केलं नाही. यातल्या पहिल्या तिघांना त्याचं फारसं काही वाटत नसे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे केदारखेड्याचे, नोकरीला बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रावर. तिथे ते तुरीच्या आणि मुगाच्या वाणांच्या चाचण्या घेत. एकाच रानात, एकाच दिवशी दोन वाण शेजारी शेजारी पेरायचे, दोघांना सारखंच खत आणि सारखंच पाणी द्यायचं, आणि कुठला सरस ते शेवटी दाण्यालाच सांगू द्यायचं. माणसानं मध्ये तोंड घालायचं नाही, अशी ती पद्धत. केंद्रावरचे बाकीचे लोक संध्याकाळी ही पद्धत कपाटात ठेवून, कुलूप लावून घरी जात. दाजी ती सायकलच्या कॅरिअरला लावून घरी आणत. ‘किंमत म्हणजे दुकानदाराची इच्छा,’ असं ते म्हणत. ‘वस्तूची लायकी आपल्याला येगळी काढावी लागती.’

त्यामुळे त्यांच्या घरात वस्तू बहुधा जोडीने येत आणि जोडीतली एक कायम खाली मान घालून उभी असल्यासारखी दिसे. दोन ब्लेडांची तुलना करायची म्हणून त्यांनी एक अख्खा पावसाळा उजवा गाल एका ब्लेडने आणि डावा गाल दुसऱ्या ब्लेडने घोटला. त्या दिवसांत त्यांच्याशी बोलताना कुठल्या बाजूला उभं राहावं असा प्रश्न पडे. घरात कुकर आला तेव्हा महिनाभर तीच डाळ एकाच वेळी कुकरमध्ये आणि पातेल्यात शिजत होती आणि मध्ये दाजी हातात घड्याळ घेऊन उभे. अक्का एकदा वैतागून म्हणाली, ‘या घरात डाळ दोनदा शिजती अन् माणसं एकदाच जेवतेत.’ दाजींनी ते शांतपणे ऐकलं. दुसऱ्या पातेल्याला लागणारं रॉकेलही निकालात धरायला हवं, हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी तिचे आभार मानले.

माझ्या लग्नात तर ते उजव्या पायात एक आणि डाव्या पायात भलतीच, अशा चपला घालून आले. लग्न भोकरदनला होतं. मुलीकडच्या मंडळींना वाटलं, नवरदेवाच्या दाजींच्या चपलेची अदलाबदल झाली. त्यांनी मांडवभर शोध सुरू केला, आणि तेवढ्यात तीन निरपराध पाहुण्यांना आपापले पाय वर करून दाखवावे लागले. शेवटी दाजींनीच खुलासा केला. ‘उजवी एकशे दहाची, डावी पस्तीसची. अजून दीड महिना बाकी हाय.’ माझे सासरे दिलदार माणूस. त्यांनी ताबडतोब माणूस पाठवून नवा कोरा जोड मागवला. दाजींनी तो हात जोडून परत केला, कारण मध्येच दुसरी चप्पल घातली की चाचणी तुटते. सासऱ्यांनी मला नंतर बाजूला घेऊन फार हळुवारपणे विचारलं, की तुमच्या नात्यात असं आणखी कुणी आहे का.

पण एक सांगायला हवं. निकाल जो लागेल तो दाजी जसाच्या तसा सांगत. स्वतः हौसेने घेतलेली महागडी छत्री स्वस्त छत्रीपुढे हरली, तेव्हा त्यांनी ते केंद्रावर चारचौघांत सांगितलं. निकाल लपवणं किंवा थोडा इकडेतिकडे करणं त्यांना जमतच नसे. आणि हा गुण, सगळे गुण कधी ना कधी महाग पडतात तसा, त्यांना एकदा फार महाग पडला.

त्यांचे वडील, आबा, केदारखेड्याला शेती करत. आबांच्या घरचं तुरीचं बी गावात नावाजलेलं होतं. त्यांच्या आईच्या वेळेपासून राखेत घालून, मडक्यात जपलेलं. पेरणीच्या आधी लोक ते मागायला येत आणि आबा ते ओंजळीने देत, वजन करून कधीच नाही. दाजी नोकरीला नवे नवे लागले होते, अंगात उत्साह होता. त्यांनी घरच्याच रानात अर्ध्या भागात आबांचं बी पेरलं, अर्ध्या भागात केंद्राचं. बांधावर पाटी लावली. मळणीच्या दिवशी गावाला बोलावलं, दोन ढीग केले, काटा लावला. आबांचा ढीग जवळजवळ निम्मा भरला. दाजींनी दोन्ही आकडे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. आबा गर्दीत उभे राहून ऐकत होते. ते रागावले नाहीत, वाद घातला नाही. घरी गेले आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलायचे थांबले. पुढच्या पेरणीला त्यांच्याकडे बी मागायला फार थोडी माणसं आली, असं अक्का सांगायची.

हा अबोला नऊ वर्षं चालला. सणाला दाजी गावी जात, एकाच पंगतीत जेवत, पण दोघांमधलं सगळं बोलणं अक्काच्या मार्फत होई. दाजींना हे फार लागलं होतं. पण त्यांची अडचण अशी, की माफी नेमकी कशाची मागायची हे त्यांना सापडत नव्हतं. ‘आकडे तर बराबर होते,’ असं एकदा ते मला म्हणाले.

मग आबा विहिरीच्या पायरीवरून घसरले. पाय मोडला. जालन्याच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि दोन महिने जागेवरून हलू नका म्हणून सांगितलं. तपासणीला जालना जवळ पडतं म्हणून अक्काने हट्टाने त्यांना बदनापूरला आणलं. समोरच्या खोलीत त्यांची खाट टाकली. आता बाप-लेक सहा हातांच्या अंतरावर, आणि अबोला तसाच. आबा म्हणायचे, ‘सूनबाई, त्याला म्हणावं पंखा बारीक कर.’ दाजी पंख्याच्या बटणाखालीच बसलेले असायचे. तरी अक्का स्वयंपाकघरातून ‘पंखा बारीक करा’ असं म्हणेपर्यंत ते उठत नसत, कारण त्यांना आपल्याला कुणी सांगितलंय असं गृहीत धरायची भीती वाटे.

याच दिवसांत शफीभाई तो व्हिडिओ गेम घेऊन आले. शफीभाई केंद्रावर ट्रॅक्टर चालवत. त्यांचा धाकटा भाऊ अन्वर दुबईहून परत आला होता आणि येताना टीव्हीला जोडायचा एक जपानी व्हिडिओ गेम घेऊन आला होता. आता त्याला बदनापुरात दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, म्हणून तो गेम विकायला काढला होता.

‘साहेब, अन्वर म्हणून राह्यला, सहा हजाराच्या खाली द्यायचा न्हाई,’ शफीभाई म्हणाले. ‘मला तर ते खुळखुळ्यावानी दिसतं. कुणाला सांगायचं म्हणलं तर जबान खराब होती. तुम्ही बघा. वाजवी हाय का न्हाई, तेवढं बोला.’

ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस होते. सहा हजारांत तेव्हा बदनापूरच्या बाजारात बऱ्यापैकी म्हैस येत होती. दाजींच्या डोळ्यांत मात्र असा उजेड आला, की अक्काने हातातलं पीठ झटकलं आणि ‘आता हे काय नवीन’ म्हणत दारात येऊन उभी राहिली. तुलनेला दुसरा गेम हवा होता. तो दुर्दैवाने माझ्याकडे होता. औरंगाबादहून आणलेला, सातशे रुपयांचा, दिसायला हुबेहूब तसाच, आणि त्याच कॅसेटी याच्यातही चालत. मी भोकरदनला शाळेत मास्तर; रविवारी अक्काकडे जायचो. दाजींनी निरोप पाठवला की येताना गेम आण, आणि त्याच्याबद्दलचं तुझं मत घरी ठेवून ये.

चाचणीचे नियम त्यांनी मला उभ्या उभ्या समजावून सांगितले. टीव्ही एक, कॅसेट एक, वेळ संध्याकाळी सहा ते सात. विषम तारखेला दुबईचा गेम, सम तारखेला औरंगाबादचा. गेमवर टॉवेल झाकायचा, नुसत्या वायरी बाहेर, म्हणजे खेळणाऱ्याला कुठला ते कळणार नाही. तास संपला की त्याने सांगायचं, आजचा महागाचा होता की स्वस्तातला. एकवीस दिवस. अक्काच्या ठेवणीतल्या टॉवेलचं काय होणार, याबद्दल नियमांत काही नव्हतं.

कॅसेटमधला खेळ असा होता, की एक लाल गडी आणि एक निळा गडी नदीच्या काठाने चालत निघतात. जागोजागी फळ्या असतात. एका गड्याने फळी पायाखाली दाबून धरली की पुढे पूल उघडतो, मग दुसऱ्याने पलीकडे जायचं आणि तिकडची फळी दाबून पहिल्याला घ्यायचं. एकट्याने खेळताच येत नाही. खेळाडू मिळेनात. अक्का म्हणाली, मला भाकरी टाकायच्यात. केंद्रावरचे कारकून दोन दिवस येऊन बसले, पण ते दाजींचा चेहरा बघून उत्तर देत, म्हणून बाद झाले. स्वतः दाजी परीक्षक, त्यांना खेळायला मनाई. शेवटी शेजारचे एक पेन्शनर गृहस्थ आणि शफीभाई अशी जोडी लागली, आणि दोघांनी मिळून चार दिवसांत इतके गडी नदीत बुडवले की पडद्यावरची नदी भरून कशी आली नाही याचं नवल.

आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. पाचव्या दिवशी त्यांचा आवाज आला.

‘सूनबाई, त्यांना म्हणावं, निळ्या गड्यानं उडी मारायच्या आधी चार पावलं मागं सरायला पायजेल. चार दिवसापासून बघून राह्यलो, कुणालाच कळंना.’

निळ्या गड्याने चार पावलं मागे घेऊन उडी मारली आणि तो पहिल्यांदा पलीकडे पोचला. दाजी अक्काला म्हणाले, ‘त्यांना विचार, खेळता का म्हणून.’

‘त्याला म्हणावं,’ आबा भिंतीला म्हणाले, ‘आता माझीबी चाचणी घ्यायची राह्यली का?’

दाजींनी हातातली वही मिटली, निळ्या गड्याचा रिमोट उचलून खाटेच्या कडेला ठेवला आणि अंगणातल्या झाडांना पाणी घालायला निघून गेले. अक्का म्हणते, झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं. ते परत आले तेव्हा आबा उशीला टेकून बसले होते, प्लॅस्टरचा पाय समोर लांब पसरलेला, आणि निळा गडी तिसऱ्या पुलावर होता.

त्यानंतर आबा रोज खेळू लागले. सातच्या ठोक्याला दाजींना ऐकू जाईल असं अक्काला सांगत, ‘आजचा महागाचा.’ किंवा, ‘आजचा हलका हाय.’ दाजी वहीत लिहून घेत. लाल गडी शफीभाईंकडे, रविवारी मी गेलो की माझ्याकडे. एका रविवारी साडेसहालाच मला निघायचं होतं, शेवटची गाडी चुकली असती. आबांचा निळा गडी ऐन पुलाच्या मध्यावर आणि मी फळी दाबून धरलेली. दुसरं कुणीच जवळ नव्हतं. मी रिमोट दाजींच्या हातात दिला. आयुष्यभर परीक्षक राहिलेल्या माणसाने तो चहाची गरम कपबशी धरावी तसा धरला. मी पायात चप्पल सरकवत होतो, तेवढ्यात दाजींना सवयीप्रमाणे वहीत काहीतरी टिपायचं आठवलं. त्यांनी बटण सोडलं. पूल मिटला आणि आबांचा गडी नदीत पडला.

‘दाबून धर की, गाढवा,’ आबा म्हणाले.

थेट त्यांच्याकडे बघून म्हणाले. अक्का उलथनं हातात घेऊन दारात आली. दाजींनी आबांकडे पाहिलं, मग वही खाली ठेवली, आणि म्हणाले, ‘धरतो.’ माझी गाडी त्या दिवशी चुकली. मी बसूनच राहिलो.

पुढचे दिवस दोघं रोज खेळले. परीक्षकाने खेळू नये हा नियम दाजींनीच मोडला होता, आणि त्याबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं. बोलणं मात्र खेळापुरतंच. ‘दाब.’ ‘सोड.’ ‘थांब जरा.’ ‘ये आता.’ अक्का मला म्हणाली, ‘नऊ वर्षांत चार शब्द झाले. लई झाले.’ हळूहळू त्यात आणखी शब्द आले. पाऊस कुठवर आलाय, केदारखेड्याच्या रानात कोण राबतंय, डॉक्टर पाय कधी सोडणार. पंख्याचं बटण अक्काच्या मध्यस्थीशिवाय फिरू लागलं.

चाचणी तीन-चतुर्थांश झाली तेव्हा निकाल जवळजवळ स्पष्ट दिसत होता. आबांची उत्तरं निम्मी बरोबर आणि निम्मी चूक, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी एवढीच बरोबर आली असती. दोन गेममधला फरक माणसाला कळत नव्हता. सहा हजारांची वस्तू सातशेच्या वस्तूपेक्षा काडीनेही सरस नव्हती. दाजींनी तसं मला शांतपणे सांगितलं. त्यांना त्यात आनंदही झाला असावा; त्यांच्या आवडत्या सिद्धांताला एवढा मोठा पुरावा आधी कधी मिळाला नव्हता.

आणि मग, पाच दिवस उरले असताना, एका सम तारखेला टॉवेलखालून जळका वास आला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. माझा औरंगाबादचा गेम कायमचा मिटला.

‘मंग आता?’ आबांनी विचारलं.

आबांनी रिमोट खाली ठेवला, आडवे झाले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्याच दिवशी सकाळी शफीभाईंनी सांगितलं होतं, की अन्वरला जालन्याचं गिऱ्हाईक मिळालंय, शुक्रवारी येऊन गेम आणि ती नदीची कॅसेट, दोन्ही सहा हजारांत घेऊन जाणार आहे.

पुढचं मला शफीभाईंनी सांगितलं. दाजी गुरुवारी केंद्रावरून मधल्या सुटीत बाहेर पडले आणि सायकलने थेट शफीभाईंच्या घरी गेले. गेली दोन वर्षं ते दोन स्कूटरींची तुलना करत होते. गावातल्या प्रत्येक स्कूटरवाल्याला थांबवून प्रश्न विचारत होते. त्या स्कूटरसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी पिशवीत आणले होते. ते त्यांनी अन्वरच्या हातात दिले.

शफीभाईंनी विचारलं, ‘साहेब, मंग निकाल काय लागला? वाजवी हाय ना?’

‘न्हाई,’ दाजी म्हणाले. ‘बिलकुल वाजवी न्हाई. आठशेच्या वर याची लायकी न्हाई.’

अन्वर ओशाळला. म्हणाला, साहेब, तुम्ही म्हणाल ते द्या, घासाघीस काय करायची. दाजींनी ऐकलं नाही. ‘निकाल येगळा, घेणं येगळं,’ एवढंच म्हणाले आणि सायकलला टांग मारली. शफीभाईंना हे वाक्य कळलं नाही. पण या माणसाच्या तोंडून असलं वाक्य कधी निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं, म्हणून ते त्यांनी बरीच वर्षं लक्षात ठेवलं. दाजी निवृत्त होईपर्यंत सायकलनेच केंद्रावर गेले.

आबांना किंमत अक्काकडून कळली. त्यांनी बोटांवर हिशेब केला. ‘एवढ्यात म्हैस आली असती,’ ते म्हणाले. मग पुन्हा थोड्या वेळाने, ‘पण म्हशीसंगं दोघं बसून काय करणार होतो.’

प्लॅस्टर निघालं, आबा केदारखेड्याला परतले. दाजींनी गेम बांधून दिला होता, तो आबांनी गाडीतून खाली उतरवून ठेवला. ‘तुझ्यापाशीच राहू दे. याला दोघं लागतेत.’ त्यानंतर ते दर महिन्याला बदनापूरला येत. पहिल्या चहाच्या आधी लाल-निळे गडी नदीकाठी उभे असत. एका जूनमध्ये निघताना त्यांनी दाजींपुढे पिशवी धरली. ‘तुमच्या केंद्राचं दोन किलो बी दे. बांधाकडच्या तुकड्यात टाकून बघतो. शेजारी माझंबी टाकतो. पण बघणार मी. तू यायचं न्हाई.’ दाजींनी बी दिलं. त्या चाचणीचा निकाल काय लागला हे आबांनी कधी सांगितलं नाही, आणि दाजींनी, ज्यांनी जगातल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल विचारला, त्यांनी तो कधी विचारला नाही.

आबा जाऊन आता सहा-सात वर्षं झाली. दाजी निवृत्त झाले, केस पांढरे झाले. मी गेलो की ते अधूनमधून म्हणतात, ‘बसतो का जरा?’ आणि आम्ही अर्धा तास त्या नदीकाठी फिरून येतो. मी अजूनही वाईट खेळतो. ते काही बोलत नाहीत.

गेल्या खेपेला असेच आम्ही सकाळी आतल्या खोलीत खेळलो आणि दुपारी अन्वर आला. आता त्याचं बसस्टँडजवळ मोबाइलचं मोठं दुकान आहे. आपलं दुकान या गेमच्या पैशावर उभं राहिलं, म्हणून तो काचेच्या कपाटात ठेवायची त्याची फार इच्छा होती. ‘तुम्ही दिले त्याच्या दुप्पट देतो, साहेब,’ तो म्हणाला. ‘तुम्हीच भाव बोला.’

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘अरे, तो कधीच बिघडला,’ ते म्हणाले. ‘फेकून दिला.’

अन्वरला वाईट वाटलं. त्याने तब्येतीची चौकशी केली, अक्काने दिलेला चहा घेतला आणि तो गेला. त्याची मोटारसायकल वळणापलीकडे जाईपर्यंत दाजी खिडकीत उभे होते.

‘चांगला पोरगा हाय,’ जरा वेळाने ते म्हणाले. ‘त्याच्याशी खोटं बोलाया नको होतं.’ आणि आपला चहा तसाच ठेवून ते आतल्या खोलीत गेले आणि दार हळूच लोटून घेतलं.